जागलीची यादी

हॅलिफॅक्स. नोव्हेंबरातले दुपारचे चार,
म्हणजे रात्रच.
जुन्या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही तिघं आणि बिस्किटांचा एक डबा.
ठरवायचं एवढंच, की कुठल्या चुकीसाठी माणूस उठवायचा
आणि कुठली चूक उजाडेपर्यंत पडू द्यायची.

गेल्या महिन्यात इद्रिसचा फोन
रात्री एकेचाळीस वेळा वाजला.
त्यातल्या चाळीस वेळा काहीच नव्हतं.
त्याने वहीच्या मागच्या पानावर
दुधाच्या हिशेबासारख्या रेघा मारून ठेवल्यात.
एकेचाळिसाव्या वेळी बाळ उठलं, बायको उठली,
इद्रिस तेवढा उठला नाही.
आणि त्याच रात्री खरंच,
सव्वातीनपासून सहापर्यंत,
नर्सबाईंच्या भेटींची यादी
कुणाच्याच टॅबवर उतरली नाही.
एलंडच्या एका आजोबांना इन्शुलिन मिळालं ते अकराला.
ते बरे आहेत.
हे वाक्य आम्ही दर बैठकीत एकदा म्हणून घेतो.

डिस्क ऐंशी टक्के भरली: झोपू दे.
पंच्याण्णव: उठव.
नक्कल मूळ प्रतीच्या नव्वद सेकंद मागे:
अगं, आपण सगळेच असतो मागे. झोपू दे.
डेडलॉक: दोन व्यवहार एकाच दारात,
आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही.
डेटाबेस त्यातल्या एकाला स्वतःच बाहेर काढतो,
दुसरा पुढे सरकतो,
आपण तोवर चष्माच चाचपत असतो.
चुकीचा पासवर्ड, तीनदा:
कुणीतरी दमलेली बाई, गाडीत बसून, हातमोजे न काढता.
झोपू दे.
तीन हजारदा: उठव. मलाही उठव.
पानाचा चेकसम जुळत नाही:
इथे कुणी विनोद केला नाही.

लोरेनची पणजी याच गिरणीत होती.
तेव्हा पहाटे एक म्हातारी लांब काठी घेऊन गल्लीत यायची
आणि माडीवरच्या काचेवर टकटक करायची,
आठवड्याला दोन पेन्स.
आतून हात हलेपर्यंत ती पुढे जायची नाही.
"पण शेजारची खिडकी चुकूनसुद्धा वाजवायची नाही,"
लोरेन म्हणाली,
"जिने पैसे भरले नाहीत, तिची झोप तिची."

मला माझा मामा आठवला, माळ्यावर, जागलीला.
ज्वारी हुरड्यावर आलेली, रानडुकरांचे दिवस.
वाऱ्याने पत्रा वाजला तर तो नुसती कूस बदलायचा,
कोल्हे ओरडले तर तीही नाही.
रातकिडे एकदम थांबले
की ताडकन उठून बसायचा.

मी फळ्यावर लिहिलं:
वीस मिनिटं एकही नवी नोंद नाही.
"ही चूक कुठाय?" लोरेन म्हणाली. "यात लाल काहीच नाही."
म्हटलं, तेच.
तिने बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटून तळाशी गेलं,
तिने चमच्याने काढायचा प्रयत्न केला,
मग त्या ओळीपुढे लिहिलं: उठव.

इद्रिस तासभर गप्प होता.
शेवटी म्हणाला,
"आणि उठलेल्याला दुसऱ्या दिवशी दहापर्यंत झोपू दे,
हे कुठल्या रकान्यात?"
रकाना नव्हता. पाडला.
डेडलॉक मिनिटाला तीनच्या वर गेले तर काय,
तिथे अजून प्रश्नचिन्हच आहे.
पाच वाजले होते, त्याला बाळाला आणायचं होतं.

हा आठवडा माझा.
फोन खिडकीत, रेडिएटरच्या वर.
तीन दहाला डोळे आपोआप उघडले.
काही वाजलं नव्हतं.
चढावरून मीठ पसरणारी गाडी गेली,
तिचा पिवळा दिवा छतावरून एकदा फिरला,
मग काहीच नाही.
ही शांतता कुठल्या रकान्यातली?
पडून राहिले, ऐकत.
मग लॅपटॉप उघडला, पांघरुणातच,
लाज वाटत होती थोडी.
शेवटची नोंद, तीन वाजून नऊ मिनिटं.
सॉवर्बी ब्रिज.
रुग्णाला डाव्या कुशीवर वळवलं.

लॅपटॉप मिटला.
मी उजव्या.